राखणदाराची डुकरं

साकिउसाला डुकराचं मांस फार आवडायचं, आणि त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी भानगड तिथूनच सुरू झाली.

आता यात विशेष ते काय, डुकराचं मांस कुणाला आवडत नाही? पण साकिउसा पडला समुद्रकाठच्या नाइलोकूचा. नाइलोकूतली त्याची अख्खी भावकी म्हणजे रातूंचे कोळी. मासे धरायचे आणि गावच्या धन्याच्या, म्हणजे रातूंच्या दारात नेऊन ठेवायचे, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मान. ओढ्याने वर चढत गेलं की डोंगरात तोकालेवू लागतं. तिथली माणसं जमिनीची. अळू, सुरण, ज्याची मुळं कुटून मानाचं पेय करतात त्या यांगोनाची झाडं आणि डुकरं हा त्यांचा कारभार. दोन्ही गावं एका पंगतीला बसली की रीत ठरलेली. समुद्राच्या माणसाने जमिनीच्या माणसासमोर मासा खायचा नाही आणि जमिनीच्या माणसाने समुद्राच्या माणसासमोर डुक्कर खायचं नाही. कोळ्याने आणलेला मासा डोंगरवाल्याच्या पानात पडायचा आणि डोंगरवाल्याचं डुक्कर कोळ्याच्या पानात. आपापला माल खायचा तर आपापल्या घरी. पंगतीत कुणी चुकून आपल्याच जिनसेला हात लावलाच, तर समोरचा उठून त्याच्या पुढ्यातलं पान उचलून नेतो आणि मग वर्षभर त्याला चिडवून जीव नकोसा करून सोडतो.

त्यामुळे साकिउसाच्या पानात डुक्कर किती पडणार, हे डोंगरवाल्यांच्या मर्जीवर होतं. आणि डोंगरवाले म्हणजे आपोरोसा.

आपोरोसा हा साकिउसाच्या बायकोचा, लोसालिनीचा, भाऊ. आमच्याकडे मेव्हण्या-मेव्हण्यांनी एकमेकांची थट्टा केली नाही तर लोकांना वाटतं, यांचं भांडण झालंय. ही दोघं तर भेटायच्या आधीच सुरू व्हायची. आपोरोसा डोंगरावरून उतरताना लांबूनच ओरडायचा, "ए दाजी, जिवंत आहेस का? की माशांनी तुलाच जाळ्यात धरलं?" साकिउसा ओटीवरून उत्तर द्यायचा, "ये मेव्हण्या, ये. पाय पुसून ये, नाहीतर तुझ्या पायाच्या मातीत माझ्या अंगणात अळू उगवेल." आपोरोसाला पोहता येत नव्हतं, गुडघाभर पाणी दिसलं की तो मागे सरायचा. साकिउसाला चढ सोसायचा नाही, तोकालेवूला पोचेपर्यंत त्याची जीभ बाहेर यायची. म्हणजे दोघांनाही चिडवायला माल भरपूर होता.

साकिउसा ठेंगणा, रुंद, आवाजाने तर गडगडाट. चर्चमध्ये तो खालच्या पट्टीत गायला लागला की बाक हलायचे. कमरेला गुंडाळायची सुलू नेहमी कडक इस्त्रीची. त्याला मान आवडायचा, आणि तो मान आहे हे इतरांना दिसावं हे त्याहून जास्त आवडायचं. स्वभावाने लबाड मुळीच नव्हता. फक्त आपण ज्यात हुशार आहोत त्यापलीकडे जग आहे, हे त्याच्या सहसा ध्यानात येत नसे.

म्हातारे रातू इनोके गेले तेव्हा त्यांच्या मयताच्या जेवणाला आपोरोसाने जे डुक्कर आणलं, ते पाहून साकिउसाला रडू आलं, आणि ते रातूंसाठी नव्हतं. पानात आला तो कातड्याचा तुकडा आणि एक बरगडी.

"मेव्हण्या," तो कुजबुजला, कारण प्रसंग दुःखाचा होता, "हे डुक्कर होतं की उंदीर?"

"दाजी, तुझ्या माशांच्या मापाने आणलंय. माझ्या पानातला मासा बघ. डोळे मोठे, बाकी काही नाही."

साकिउसाच्या जिव्हारी लागलं. रीतीप्रमाणे त्याच दिवशी रातूंच्या नावाने समुद्र बंद होणार होता. ओढ्याच्या मुखापासून बाहेरच्या प्रवाळाच्या कडेपर्यंतचं सगळं पाणी वर्षभर बंद. कुणी गळ टाकायचा नाही, जाळं टाकायचं नाही, शंख-शिंपला उचलायचा नाही. वर्ष सरलं की समुद्र उघडायचा, सगळ्यांनी मिळून मासे हाकायचे आणि रातूंच्या नावाने दोन्ही गावांना जेवण घालायचं. पाणी वर्षभर शांत राहिलं की मासे असे दाटतात की उघडण्याच्या दिवशी पाय ठेवायला जागा मिळत नाही. त्या ढिगावरूनच गेलेल्या रातूचा मोठेपणा लोक मोजतात.

"ऐक," साकिउसा म्हणाला. "समुद्र उघडेल तेव्हा तुझ्या पुढ्यात एवढे मासे वाढीन की त्यांच्यामागे तू दिसणार नाहीस. कमी पडले तर तुझ्या मळ्यातलं तण मी काढीन, या माझ्या हातांनी."

"आणि नाही पडले कमी?"

"तर तू छातीभर पाण्यात उतरून माझं जाळं ओढायचं."

आपोरोसाने एकदा समुद्राकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

रातूंची थोरली बहीण आदी लितिआना हिच्या हाती आता गावाचा कारभार होता. लहानथोर तिला आत्याबाई म्हणत. तिने राखणदार म्हणून साकिउसाचं नाव घेतलं. पाण्यात बांबू रोवले, त्यांना कापडाच्या चिंध्या बांधल्या आणि साकिउसा छाती काढून घरी आला.

त्यानंतर वर्षभर नाइलोकूत कुणालाही सुखाने समुद्राकडे बघता आलं नाही. साकिउसा डोळ्यांत तेल घालून किनाऱ्यावर फिरायचा. पोरांचा चेंडू पाण्यात गेला तर तो चेंडू वर्षभरासाठी जप्त. लोसालिनी घोट्याएवढ्या पाण्यात पाय धूत होती तर तिच्यावरही शिट्टी वाजवली.

"अहो, पाय धुतेय मी!"

"पाय धुता धुता बोटाला खेकडा लागला म्हणजे?"

"लागला तर मी ओरडेन की तो?"

एका बगळ्यावर तो रोज दगड भिरकवायचा, कारण बगळ्याला आत्याबाईंचा हुकूम समजत नव्हता. चर्चच्या प्रार्थनेत एकदा त्याने देवाला सांगितलं की तोकालेवूच्या काही लोकांच्या मनात चोरीचा विचार येतोय, तो काढून टाक. आपोरोसा मागच्या बाकावर बसला होता, तो मोठ्याने "आमेन" म्हणाला.

राखणीइतकंच त्याने आणखी एक काम मन लावून केलं. त्याने डुकरं पाळली. पुन्हा बरगडीवर भागवायची वेळ येऊ नये म्हणून. रीत मोडायची नव्हती. जेवणाच्या दिवशी ती डुकरं आपोरोसाच्या स्वाधीन करायची, त्याने ती खांद्यावरून आणायची. नावाला डोंगरवाल्याचं, अंगाने साकिउसाचं. डुकरं पाळायचा अनुभव मात्र शून्य. पण डुक्कर पाळायला काय अक्कल लागते, मेव्हणा पाळतोच की, असं त्याचं म्हणणं.

गोठा त्याने बांधला ओढ्याच्या अगदी काठावर. काठावरचे बोरू आणि झुडपं साफ तोडली, खाली सिमेंट ओतलं आणि ओढ्याच्या बाजूला चांगला उतार दिला. रोज सकाळी नळीने पाणी मारलं की सगळी घाण सर्रकन ओढ्यात. गोठा असा लख्ख की त्यात चर्च भरवता आलं असतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो उतार हाताने दाखवायचा. "बघा. आपोरोसाच्या डुकरांकडे जाताना नाक धरावं लागतं. इथे नाक उघडं ठेवा."

एक मादी होती, तिचं नाव त्याने महाराणी ठेवलं होतं. तिला निळ्या काठाच्या इनॅमलच्या तसराळ्यात खाणं. नारळाचा चोथा, साबूकंदाची सालं, उरलेलं अळू. महाराणी इतकी हावरट की तसराळ्याचा काठही चावायची. तिच्या पिल्लांनी गोठा भरला, पिल्लांची डुकरं झाली, नळीचं पाणी वाढलं.

"अहो," लोसालिनी एकदा म्हणाली, "ओढ्याच्या मुखाशी पाणी हिरवं दिसतंय. वासही येतो."

"समुद्र आहे तो. एवढा मोठा. दोन-चार डुकरांनी काय होतंय त्याला?"

"दोन-चार कुठली, अठरा झालीत."

"मग काय अठराव्याला पोहायला शिकवू? तू मासे मोजायच्या गोष्टी कर."

तिने मग विषय सोडला. डोंगरातून आलेली बाई, समुद्राचं तिला काय कळणार, असं नवऱ्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

पावसाळ्यात एकदा ओढ्याला असा लोंढा आला की गोठ्याचं अर्धं सामान वाहून गेलं. त्यात महाराणीचं तसराळंही गेलं. साकिउसाच्या डोक्यात लोंढा आलाच नाही. त्याने जाहीर करून टाकलं की तसराळं तोकालेवूच्या चोराने पळवलं, आणि जो तसराळं चोरतो तो मासेही चोरतोच. त्या दिवसापासून राखण दुप्पट कडक झाली.

आणि समुद्र उघडायचा दिवस आला. त्या दिवशी मासे हाकायचे, दुसऱ्या दिवशी जेवण. नाइलोकूची सगळी बाया-माणसं नारळाच्या झावळ्या गुंडाळलेला लांबच लांब वेलींचा दोर घेऊन पाण्यात उतरली. किनाऱ्यावर तोकालेवूवाले टोपल्या घेऊन गाणी म्हणत बसलेले. आपोरोसा वाळूवर, पाण्यापासून बेताच्या अंतरावर, आणि छातीभर पाण्यात उतरायची वेळ येणार या काळजीने जरा पांढरा पडलेला. साकिउसा सगळ्यांच्या पुढे, बांबूवरची चिंधी सोडून डोक्याला बांधलेली. आत्याबाईंनी मान हलवली आणि दोराचं कडं आवळायला लागलं.

कडं लहान होत गेलं, तशी माणसांच्या तोंडची गाणी थांबत गेली. दोरापुढे पाणी उसळायला हवं होतं, चांदी चमकायला हवी होती. त्याऐवजी दोर जड झाला. पायांना काहीतरी मऊ, गुळगुळीत लागत होतं. बायका कुजबुजायला लागल्या. शेवटी कडं एवढं लहान झालं की सगळ्यांचे खांदे एकमेकांना टेकले, आणि मध्ये नुसतं शेवाळ. तपकिरी, लांब, कमरेपर्यंत माजलेलं. त्यात दोन-तीन चिमुकले मासे इकडेतिकडे धावत होते, तेही परक्यांच्या घरात चुकून शिरल्यासारखे.

साकिउसाने डोकं पाण्याखाली घातलं. जिथे लहानपणापासून त्याने प्रवाळाची जांभळी, पिवळी झाडं पाहिली होती, जिथल्या प्रत्येक भोकात कुठला मासा राहतो हे तो डोळे मिटून सांगायचा, तिथे शेवाळ दोन्ही हातांनी बाजूला केल्यावर खाली चिखलाचा थर, आणि चिखलाखाली प्रवाळ मेलेलं. हात लावला तर तुकडा हातातच आला. तो वर आला तेव्हा त्याच्या डोळ्यांना खारं पाणी लागलं होतं, म्हणून डोळे लाल आहेत असं सगळ्यांनी समजून घेतलं.

"चोरी!" तो ओरडला. "कुणीतरी बंदी मोडली! त्याचा हा कोप आहे!"

आणि तेवढ्यात त्याच्या पायाला टणक काहीतरी लागलं. त्याने ते शेवाळातून ओढून काढलं आणि डोक्यावर धरलं. गाळाने आणि शेवाळाने मढलेलं एक भांडं.

"हा बघा पुरावा! चोराने इथे बसून जेवणसुद्धा केलंय! हे भांडं कुणाचं, ते आत्ताच्या आत्ता कळलं पाहिजे!"

ते भांडं हातोहात किनाऱ्यावर गेलं. आत्याबाईंनी उलटसुलट करून पाहिलं. आपोरोसाने मान पुढे काढून पाहिलं. मग लोसालिनी पाण्यातून बाहेर आली, तिने ते घेतलं आणि ओल्या वाळूने घासलं. निळा काठ दिसायला लागला. तिने काठावरून अंगठा फिरवला. दातांच्या खुणा होत्या.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो अजून कमरेएवढ्या पाण्यात चोराच्या नावाने बोटं मोडत उभा होता.

"अहो," ती म्हणाली, "ओरडू नका. हे आपल्या महाराणीचं आहे."

मग किनाऱ्यावरच्या एका पोरीला हसू फुटलं, आणि तिच्यामागून तोकालेवू, त्यामागून नाइलोकू, सगळा किनारा हसायला लागला. साकिउसाही हसला, कारण त्याला अजून सगळं कळलं नव्हतं. त्याला एवढंच कळलं होतं की तसराळं ओढ्याने वाहत आलं.

आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ओढ्याकडे पाहिलं, वरच्या लख्ख गोठ्याकडे पाहिलं, आणि मग समुद्रात लांबवर.

"तसराळं आलं," त्या म्हणाल्या. "मग तसराळ्यातलं कुठे गेलं रे साकिउसा? आणि महाराणीच्या पोटातलं?"

लोसालिनी हळूच म्हणाली, "शेणखत घातलं की अळू कसं माजतं, आत्याबाई. तसंच हे माजलंय. ओढ्याच्या मुखाशी सगळ्यात दाट आहे. तिकडे त्या टोकाला, जिथे ओढ्याचं पाणी पोचत नाही, तिथे प्रवाळ चांगलं आहे. मी आत्ताच पाहिलं."

हसू विझलं. साकिउसा पाण्यात उभाच होता. वर्षभर त्याने माणसांना पाण्यात पाय घालू दिला नव्हता, पोरांचे चेंडू जप्त केले होते, बगळ्याला दगड मारले होते. आणि रोज सकाळी स्वतःच्या हाताने नळी धरून... त्याला पुढचा विचार करवेना. बंदी मोडणारा सापडला होता, त्याला अठरा तोंडं होती आणि सगळी त्याच्या गोठ्यात होती.

दुसऱ्या दिवशीचं जेवण टाळता येत नव्हतं. रातूंच्या नावाचं होतं. डुकरं भट्टीत भाजली गेली, इतकी गुबगुबीत की तेलाने पानं न्हाऊन निघाली. ती सगळी कोळ्यांच्या पानात. डोंगरवाल्यांच्या पानात मासे पडायला हवे होते. टोकाकडून मिळालेले थोडे मासे म्हाताऱ्यांना पुरले. बाकीच्यांसाठी दुकानातून डबे आणले. समुद्राच्या माणसांनी, समुद्र उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, डोंगरातल्या पाहुण्यांना डब्यातले बांगडे वाढले.

आपोरोसाच्या पुढ्यात साकिउसाने स्वतः डबा उघडला. आता हा काय बोलणार, याची त्याने मनाची तयारी केली होती. 'दाजी, हा मासा कुठल्या ओढ्यातला?' म्हणेल. 'डबा धरायला जाळं लागलं की गळ?' म्हणेल. रात्रभर त्याने उत्तरं जुळवून ठेवली होती.

आपोरोसाने मासा खाल्ला, हात पुसले, आणि खाली बघत म्हणाला, "आभारी आहोत, दाजी. तुम्ही फार त्रास घेतलात."

तुम्ही! साकिउसाने हातातला डबा खाली ठेवला. इतक्या वर्षांत या माणसाने त्याला एकदाही अहो-जाहो केलं नव्हतं. बायकोचं 'अहो' वेगळं असतं, त्यात घर असतं. मेव्हण्याचं 'अहो' म्हणजे दार लावून घेतल्यासारखं. आपोरोसा रागावला नव्हता, तेच तर वाईट होतं. रागावला असता तर चिडवलं असतं. त्याला कीव आली होती. ज्याची लाज खरी असते त्याची थट्टा करत नाहीत, इतकं आमच्याकडे लहान पोरालाही कळतं.

आपल्या पानात वाढलेली डुकराची मांडी साकिउसाने तशीच ठेवली. न खाता सोडलेली त्याच्या आयुष्यातली पहिली.

मग त्याने जे केलं त्याचा गवगवा त्याने कधी केला नाही, आणि साकिउसाने गवगवा न करणं हीच मोठी गोष्ट होती. त्याने यांगोनाची मुळं बांधून आत्याबाईंपुढे ठेवली, मांडी घालून, मान खाली घालून, आपल्या आणि डुकरांच्या वतीने माफी मागितली. आत्याबाई म्हणाल्या, "डुकरांना माफ केलं. तुझं बघू." ओढ्याच्या मुखाजवळचं पाणी पुन्हा बंद झालं. राखणदार पुन्हा साकिउसाच. "या वेळी तोंड समुद्राकडे करून बसू नकोस," त्यांनी सांगितलं. "ओढ्याकडे करून बस."

सिमेंटचा गोठा त्याने घणाने फोडला. उरलेली महाराणी आणि तिची दोन पिल्लं ओढ्यापासून लांब, सपाटीवर नेली. खाली नारळाची सोडणं आणि लाकडाचा भुसा, नळी नाहीच. भुसा भिजला की उपसायचा, नवा घालायचा. गोठ्याला आता वास यायचा आणि नाक धरावं लागायचं. ओढ्याच्या काठाला त्याने पुन्हा बोरू लावले. ओहोटीला लोसालिनी आणि इतर बायकांबरोबर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून शेवाळ उपटायचा, टोपल्या भरभरून. प्रवाळाला धक्का लागू नये म्हणून हात इतके हलके चालवायचा की लोसालिनी म्हणायची, "लग्नात माझा हात इतक्या प्रेमाने धरला नव्हता."

आणि पैज होतीच. दर शनिवारी साकिउसा जीभ बाहेर काढत डोंगर चढायचा आणि आपोरोसाच्या मळ्यातलं तण काढायचा. येताना पाठीवर गोठ्यातल्या कुजलेल्या भुशाचं पोतं. अळूच्या मुळाशी घालायला.

"राहू द्या, दाजी," आपोरोसा म्हणायचा. "आपण कशाला तसदी घेता? बसा. पाणी घ्या."

"पैज ती पैज," साकिउसा म्हणायचा, आणि वाट बघायचा. एखादा टोमणा, एखादी शिवी, काहीही. आपोरोसा अदबीने नारळ फोडून त्याच्या हातात द्यायचा. साकिउसाला तो नारळ डोक्यात घातला असता तर बरं वाटलं असतं.

एका शनिवारी मळ्यात असताना पाऊस आला. साकिउसा केळीच्या पानाखाली उभा होता. आपोरोसाची यांगोनाची नवी लागवड चढावर होती, खालची जमीन खरवडून उघडी केलेली. बघता बघता तिथून तांबडं पाणी सुटलं आणि सरळ ओढ्याला मिळालं. प्रवाळावरचा तो चिखलाचा थर साकिउसाने बोटाने खरवडला होता, त्याचा रंग त्याला चांगला आठवत होता. म्हणजे सगळं पाप महाराणीचंच नव्हतं तर!

केवढी संधी. 'मेव्हण्या, तुझं अर्धं शेत माझ्या समुद्रात राहायला आलंय, भाडं कोण देणार?' वाक्य जिभेवर तयार होतं. त्याने आपोरोसाकडे पाहिलं. आपोरोसाही त्या तांबड्या पाण्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा पडला होता. साकिउसाने वाक्य गिळलं. थट्टेचं दार मेव्हण्याने लावलं होतं. ते आपण होऊन ढकलायचा त्याला धीर झाला नाही. पुढच्या शनिवारी त्याने पोत्याबरोबर अननसाचे फुटवे नेले आणि माती अडावी म्हणून चढावर आडव्या ओळींनी लावायला लागला. थोड्या वेळाने दुसऱ्या टोकाकडून आपोरोसा लावत येताना दिसला. मधोमध भेटले तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा माती उकरायला लागले.

समुद्राला घाई नसते. पहिल्या वर्षी शेवाळ उपटलं की पुन्हा यायचं. दुसऱ्या वर्षी येताना विरळ यायला लागलं. तिसऱ्या वर्षी एके दिवशी साकिउसा पाण्याखालून वर आला आणि लोसालिनीला हाताने खुणा करायला लागला. मेलेल्या खडकावर नखाएवढं जांभळं काहीतरी उगवलं होतं. तिने बघितलं आणि त्याला म्हणाली, "बघितलंत ना? आता यावर शिट्टी वाजवू नका." मग मासे येताना दिसले. निळे पोपटमासे, खडकावरचं शेवाळ करकर खरवडणारे. जुन्या दिवसांच्या मानाने काहीच नाही. पण होते.

आत्याबाईंनी पाणी उघडलं ते एका दुपारपुरतं. दोर लहान, कडं लहान, आणि मासे तीन टोपल्या. पूर्वीच्या एका हाकेत तीस यायच्या. साकिउसाने त्या टोपल्या अशा उचलल्या की जणू त्यांत तान्ही पोरं आहेत.

संध्याकाळी रातूंच्या नावाने पंगत बसली. तोकालेवू एका बाजूला, नाइलोकू समोर. साकिउसाच्या पुढ्यात महाराणीच्या नातवंडांपैकी कुणीतरी, आपोरोसाने खांद्यावरून आणलेलं. साकिउसाने एक पोपटमासा नारळाच्या दुधात शिजवला होता. तो त्याने आपोरोसाच्या पानात ठेवला आणि समोर बसला. स्वतः चाखता येत नव्हता, रीत होती. हा मासा खरोखर समुद्राचा लागतो की गोठ्याच्या घाणीचा, हे त्याला मेव्हण्याच्या तोंडूनच कळणार होतं.

आपोरोसाने काटे काढले. पहिला घास घेतला. चावला. सावकाश चावला. सगळ्या पंगतीच्या माना तिकडे वळल्या. आत्याबाईंनीही हात थांबवला. साकिउसाच्या कपाळावर घाम आला होता.

"कसा आहे?" त्याने विचारलं. त्याचा तो गडगडाटी आवाज अगदी बारीक निघाला.

आपोरोसाने दुसरा घास घेतला. डोळे मिटले. मग डोळे उघडून गंभीर चेहऱ्याने साकिउसाकडे पाहिलं.

"ए दाजी," तो म्हणाला, "तुझ्या माशाला अजून जरा डुकराची चव आहे रे."

पंगत फुटली. हसण्याने पानं उडायची बाकी राहिली. साकिउसाही हसत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि या वेळी आसपास समुद्र नव्हता, तेव्हा खाऱ्या पाण्याचं निमित्तही सांगता येत नव्हतं.

"मेव्हण्या," तो कसाबसा म्हणाला, "नीट चाख. ती तुझ्या शेतातल्या मातीची चव आहे."

"असेल," आपोरोसा म्हणाला, आणि पान पुढे सरकवलं. "आणखी वाढ. नक्की सांगतो."